मदत हवी आहे: कुळागरात (सुपारीच्या बागेत) दिसलेलं काळं जनावर कोणतं असेल?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात काल तिन्हीसांजेला पाटाच्या कडेने एक काळंकुळकुळीत जनावर गेलं, कुत्र्यापेक्षा लांबट, शेपटी जवळजवळ जमिनीला टेकलेली. शेजारी म्हणतात उदमांजर, पण एवढं मोठं? मला ब्लॅक पँथरची शंका येतेय; ब्लॅक पँथर म्हणजे बिबट्याच, फक्त काळा, नीट उजेडात अंगावरचे ठिपकेपण दिसतात, पण उजेड होता कुठे! चिखलात ठसे आहेत, काडेपेटीच्या लांबीपेक्षा रुंद, नखं उमटलेली नाहीत म्हणजे कुत्रा नसावा. फोटो टाकलेत, कोणी ओळखेल का? फॉरेस्टवाल्यांना कळवतोय, पण २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे विष घालून मारले होते, म्हणून वाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ट्रॅप कॅमेरा कोणाकडे असेल तर प्लीज इनबॉक्स करा.