पसारा मांडला की मांजर हजर (अनुभव धागा)

विणकाम असो, हजार तुकड्यांचं कोडं असो, तबला असो की दिवाळीचा किल्ला, काहीही मांडलं की घरातलं मांजर नेमकं त्याच्या मधोमध येऊन बसतं. ठाणे-नवी मुंबईतल्या वन बीएचकेत दार लावून बसायला वेगळी खोली कुठून आणणार? म्हणून हा धागा. ‘आमची मनी किती गोड’ आणि तिचे फोटो इथे नकोत. मापं, सामान, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेवढंच लिहा. वर आपला भाग आणि छंद लिहा. दुसऱ्याचा उपाय पटला नाही तर कारणासकट खोडा.

नौपाडा, विणकाम आणि क्रोशे

मांजराला लोकर नको असते, हलणारं टोक हवं असतं. विणताना धागा वीतभर सरकतो, थांबतो, परत सरकतो. गवतातून उंदीर असाच जातो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे धागा दिसेनासा करणं. दोन-तीन लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, १०० ग्रॅमचा गुंडा त्यात सैल बसतो. झाकणाच्या मध्यावर तापवलेल्या खिळ्याने साधारण १० मिलिमीटरचं भोक पाडा आणि कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. कुसं राहिली तर लोकर अडकते आणि तिचे पदर सुटतात. डबा हलका असला तर मांजर डबाच लोळवतं, तेव्हा तळाशी अर्धा किलो वाळूची शिवलेली पिशवी ठेवा. गुंडा आतून टोक निघेल असा गुंडाळा, म्हणजे तो डब्यात गरगरत नाही आणि आवाजही येत नाही.

जाळीची वीण असेल तर दर दहा ओळींनी सुरक्षादोरा घाला. वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवायचा, सळईवरच्या प्रत्येक टाक्यातून काढायचा आणि दोन्ही टोकांना वीतभर मोकळा सोडायचा. मांजराने सळई उपसली तरी टाके उसवत त्या दोऱ्यापर्यंतच येतात. टाके मोजायला सळईवर घातलेल्या खुणेच्या कड्यांतून मात्र दोरा जाऊ देऊ नका, कडी त्या ओळीत अडकून बसतात. क्रोशाला एकच फास उघडा असतो, उठताना त्यात सेफ्टी पिन अडकवली की झालं.

नखाने ओढलेला फास कधीही कापू नका. त्याच ओळीतले शेजारचे आठ-दहा टाके आवळले गेलेले दिसतील. बोथट सुईच्या टोकाने फासातली जादा लोकर एकेका टाक्यात दोन्हीकडे वाटत न्यायची. पाच मिनिटांचं काम आहे, घाई केली तर भोक पडतं.

आणखी एक. लोकरीच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडची जुनी सवय मांजराच्या घरात सोडावी लागते. त्यातलं नॅप्थलीन मांजराला विषारी असतं. त्याऐवजी लोकर उन्हात ठेवून झिपच्या पिशवीत हवा काढून भरा.

ऐरोली, प्राण्यांच्या दवाखान्यात काम

वर सगळं लोकर वाचवायचं आलं, मी मांजराबद्दल लिहिते. मांजराच्या जिभेवरचे काटे आत घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे जातो. आतडं त्या दोऱ्यावर नाडी ओढलेल्या परकरासारखं गोळा होतं आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू लागतो. म्हणून तोंडातून किंवा शीच्या जागेतून टोक लोंबताना दिसलं तरी ते ओढायचं नाही. ‘थोडंसंच आहे, येईल’ म्हणून ओढणं हीच सगळ्यात मोठी चूक. तेल-तूप पाजणं, मिठाच्या पाण्याने उलटी करवणं हेही नको.

उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात मुटकुळं करून बसणं, यांतलं काही दिसलं आणि दोरा कमी भरला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सोबत उरलेल्या दोऱ्याचा तुकडा घेऊन या. क्ष-किरणात सुई दिसते, नुसता दोरा सहसा दिसत नाही, गोळा झालेलं आतडं दिसतं. सोनोग्राफीने बऱ्याचदा उलगडा होतो. दुखतंय म्हणून माणसांची गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे. रात्री-अपरात्री कुठे जायचं ते आधीच ठरवून नंबर फ्रिजवर लावा. परळचं बाई साकरबाई रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, बहुतेकांना माहीत असतं, पण निघण्याआधी फोन करा.

कोपरखैरणे, जिगसॉ कोडी

हजार तुकड्यांचं कोडं पुरं झालं की साधारण ६८ × ४८ सेंटिमीटर होतं. त्यासाठी ७५ × ५५ चा ६ मिलिमीटर प्लाय कापून घ्या, चारही कडांना १० मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी ठोका आणि त्याच मापाचं झाकण करा. झाकणही ६ मिलिमीटरचंच हवं. पैसे वाचवायला ३ चं घेतलं की चार-पाच किलोचं मांजर मधोमध बसतं, झाकण वाकून तुकड्यांना टेकतं आणि मांजराने कूस बदलली की आकाशाचा सगळा निळा भाग सरकतो. बोर्डाखाली चार कोपऱ्यांना रबराचे पाय लावा. अर्धं कोडं गुंडाळून ठेवायची फेल्टची चटई मात्र घेऊ नका, त्या नळकांड्यात शिरणं हे मांजराचं जन्मजात कर्तव्य आहे.

सुरुवातीलाच कडेचे तुकडे मोजा. मांडणी ४० × २५ ची असेल तर कडेचे १२६ भरायला हवेत. कमी असले तर सोफ्याखाली आत्ताच शोधा, तिसऱ्या आठवड्यात नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पातळ मोजा रबराने बांधून फिरवला की धूळ आत जाते आणि तुकडा मोज्यावर अडकतो. चघळलेला तुकडा ओला असतानाच बसवू नका. पुठ्ठ्याचे थर फुगलेले असतात. बटर पेपरमध्ये ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. चित्राचा कागद सुटला असेल तर टूथपिकने फेव्हिकॉलचा एक ठिपका लावा.

मानपाडा

एवढं कशाला? पाण्याची स्प्रे बाटली हाताशी ठेवा. दोन फवारे मारले की परत येत नाही.

सानपाडा, मांजरांच्या सवयी

येतं. तुम्ही उठल्यावर येतं. फवाऱ्याचा संबंध मांजर कोड्याशी नाही, तुमच्याशी लावतं. ते एवढंच शिकतं की हा माणूस समोर असताना टेबलावर चढायचं नाही.

क्रम असा लावा: खेळ, खाणं, झोप. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात चळवळं असतं आणि आपण ऑफिसातून येऊन छंद काढतो तोही तेव्हाच. बसण्याआधी १० ते १५ मिनिटं काठीला बांधलेली पिसं पळवा, शेवटी ती त्याला पकडू द्या आणि लगेच रात्रीचं जेवण वाढा. खाऊन, अंग चाटून मांजर आपसूक आडवं होतं. लेझरच्या ठिपक्याने खेळवत असाल तर शेवट खऱ्या खेळण्यावर करा, ठिपका कधीच हातात येत नाही आणि ती भूक तुमच्या सुयांवर निघते. खेळ संपला की काठी कपाटात. तिलाही दोराच आहे.

दुसरं म्हणजे जागा. टेबलावर कोपराशी पुठ्ठ्याचा खोका ठेवा, आत तुमचा न धुतलेला टी-शर्ट. खोका टेबलाच्या पातळीपेक्षा वीतभर उंच असला तर उत्तम, वरून सगळं दिसतं. खाऊ फक्त खोक्यात असताना द्यायचा. कामावर येऊन बसलं की न बोलता, न बघता उचलून खोक्यात ठेवायचं. दहादा उचलून अकराव्यांदा ‘बस बाई’ म्हटलंत की संपलं. मग ते बारा वेळा येतं.

कळवा, तबला

तबल्याकडे मांजर दोन कारणांनी येतं: चुंबळ ही आयती गादी, आणि पुडी (तोंडावरचं कातडं) आणि वादी (ते ताणणारी पट्टी) ही शेवटी चामड्याची. वादी चघळली जाते आणि ताण एका बाजूला उतरतो. पावसाळ्यात पुडी आधीच सैल, मग वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकूनही एक घर (काठाचा एक भाग) सुरात लागत नाही. नख मैदानात (मधल्या काळ्या शाईभोवतालच्या भागात) रुतलं तर ती पुडी गेली समजा, चाटेला (काठावरच्या पट्टीला) छोटा ओरखडा असेल तर काही काळ चालते. ओलं नाक शाईला लागलं तर पुसायला जाऊ नका, कापड फिरवलं की शाईचे कण निघतात. पंख्याखाली वाळू द्या.

नुसती कापडी खोळ पुरत नाही. खोळीखाली काठ असलेली स्टीलची ताटली उपडी ठेवा, तबल्याला साधारण सहा इंची, डग्ग्याला दहा इंची. विकत घेण्याआधी तोंड मोजा. ताटलीचा भार तबला-डग्ग्याच्या काठावर येतो, शाईला काही टेकत नाही आणि वर मांजर बसलं तरी बिघडत नाही. चुंबळ वेगळी डब्यात. पेटीवाल्यांनी भात्याची कडी लावल्याशिवाय उठू नये, भात्याच्या घड्या म्हणजे नखं घासायची फळी.

वाशी, शिलाई

विजेच्या मशीनचं पायपेडल हे मांजराच्या पंजाला पुरेसं असतं. उठताना प्लग काढा, बटण पुरेसं नाही. टाचण्या लोहचुंबकाच्या वाटीत ठेवा. पायमशीन असेल तर चाकाखाली झोपलेली शेपटी आधी बघा.

पाचपाखाडी, किल्ला आणि रांगोळी

बाल्कनीतला किल्ला मांजराच्या दृष्टीने मोठ्ठी कचरापेटी: सैल, ओलसर माती, उकरायला सोपी. उपाय मातीच्या वरच्या थरातच करायचा. विटा-गोणपाटाचा सांगाडा, त्यावर मातीचा लेप दोन बोटं जाडीचा, आणि लेप ओला असतानाच त्यात कोंबडीजाळी दाबून वरून अर्धा इंच माती. पंजा जाळीला लागला की मांजर नाद सोडतं. अळीव पेरल्यावर दोन-तीन दिवसांत कोंब येतात आणि तेच खाल्ले जातात. वसुबारसेच्या दहा दिवस आधी वेगळ्या ट्रेमध्ये गहू पेरा. रात्रभर भिजवलेले, वर बोटाच्या पेराएवढी माती. बोटभर उंच झाले की मांजराला तोच ट्रे द्यायचा. मावळे चिखलात नुसते खोचू नका, पायाला काडी बांधून खोल रोवा.

रांगोळी उठल्यावरच काढा, झोपण्याआधी नको. पहाटे चार वाजता तिच्यावरून शर्यत असते. पायाला रंग लागला तर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तो चाटून पोटात जातो.

घोडबंदर रोड, घरातली झाडं

किल्ल्यासारखंच कुंडीचं. मातीवर लिंबाएवढे गोटे पसरा, पाणी खाली जातं, पंजा जात नाही. पण झाड कोणतं ते आधी. मनी प्लांट, डायफेनबाखिया, पीस लिली यांत सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, चावलं की तोंड जळतं, लाळ गळते. खरी लिली, म्हणजे गुच्छात येणारी एशियाटिक-ओरिएंटल, आणि डे-लिली यांची गोष्ट वेगळी: अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलदाणीतलं पाणीसुद्धा धोक्याचं. वाढदिवसाचा गुच्छ दारातच तपासा. सायकसही नको. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट चालतात. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, वरच्या मजल्यांवर स्टीलची जाळीच हवी.

बेलापूर, कॅरम

कॅरम राहिला. पावडर बहुधा बोरिक असते. मांजर बोर्डावरून चाललं की पंजे पांढरे आणि मग चाटणं. बटाट्याच्या स्टार्चची पावडर मिळते, ती वापरा आणि डाव संपला की बोर्ड सुक्या कापडाने पुसून भिंतीशी उभा करा. चालू डावात मांजर वर येत नाही, खाली बसतं. सोंगटी पडली की जाळीतून पंजा येतो आणि ती वर ढकलतो. राणी असेल तर त्यावर भांडण होतं, म्हणून खिशांखाली जाळीऐवजी बंद कापडी पिशव्या शिवून घ्या.