प्रतोद, व्हिप, आणि व्हिप मोडणाऱ्याला म्हणायचं काय?

बोरूबहाद्दर: 'मुख्य प्रतोदांनी व्हिप बजावला' असं पेपरात वाचलं. प्रतोद म्हणजे पण चाबूकच ना? मग चाबकाने चाबूक बजावला की हे! आणि दुसरं, आमदाराला तो व्हिपच अन्यायाचा वाटला आणि त्याने मोडला तर त्याला बंडखोर म्हणायचं की फुटीर?

उंटावरचा शहाणा: प्रतोद म्हणजे सारथ्याच्या हातातला चाबूक. भीष्मपर्वात कृष्ण तोच घेऊन भीष्मावर धावून जातो, तेही लढणार नाही असा शब्द दिलेला असताना, म्हणजे नियम मोडणाऱ्यांची परंपरा जुनीच आहे 😀 मराठीत वाटणी आपोआप झालीय, माणूस तो प्रतोद आणि सभागृहात मत कसं द्यायचं याचा त्याने काढलेला आदेश तो व्हिप. 'पक्षादेश' छापतात, बोलताना कोणी म्हणत नाही.

रानवाटा: बंडखोर म्हणजे आपल्याकडे मुख्यतः तिकीट कापल्यावर अपक्ष उभा राहणारा. फुटीर ही तर शिवीच. तत्त्वासाठी एकट्याने व्हिप झुगारणाऱ्याला शब्दच नाही, कारण असला प्राणी दिसतो कुठे? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात व्हिपविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला नुसती दांडी मारली तरी आमदारकी जाऊ शकते, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच वाचतो. पण पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केलं की सगळे सेफ. एकट्याला पटलं नाही तर तो घरी आणि घाऊक गेले तर मंत्री, हा कुठला न्याय?

बोरूबहाद्दर: पण पक्षाच्या चिन्हावर निवडून आलाय ना, मग आदेश पाळायला नको?

रानवाटा: सरकार टिकवण्याच्या मतदानात पाळावा, तेवढ्यासाठीच लोकांनी चिन्ह बघून मत दिलेलं असतं. बाकी विधेयकांवर पटत नसेल तर मोडावा, पण सभागृहात उभं राहून, कारण सांगून, आणि खुर्ची जाणार हे धरून. मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं तेव्हा १९५६ मध्ये सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. तिथे व्हिपचा प्रश्न नव्हता हे मान्य, पण किंमत स्वतः मोजली म्हणून तर त्यांना फुटीर कोणी म्हणत नाही, बाणेदार म्हणतात.

उंटावरचा शहाणा: 'अंतरात्म्याचा आवाज' विसरलात! १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत इंदिरा गांधींनी तो ऐकायला सांगितला आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून कोणी अंतरात्मा म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, कितीला?