इरी कालव्याची अभ्याससहल: आई-बाबांना पाठवायचंय, तातडीने मदत हवी आहे

जर्सीकर:
आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नायगारा मागच्या वेळी झाला, मॉलमध्ये त्यांचा जीव रमत नाही. रोड स्कॉलरसारख्या संस्था ज्येष्ठांना जुन्या कालव्यांवर घेऊन जातात असं कळलं. बोट, सोबत इतिहासाचा जाणकार, व्याख्यानं वगैरे. मला न्यू यॉर्क राज्यातला इरी कालवाच हवाय. आम्हाला सुट्टी नाही, दोघंच जातील. कुणी आपल्या माणसांना पाठवलंय का? आज-उद्यात बुकिंग करायचंय. 'गूगल कर' सांगू नका, तेच करून दमलोय.

नाथसागर:
महिना कोणता? वय? जिने चढतात का?

जर्सीकर:
74 आणि 69. तब्येत ठणठणीत. शाकाहारी आहेत, हे राहिलंच.

पाटकरीण:
रोड स्कॉलर म्हणजे पूर्वीचं एल्डरहॉस्टेल, 1975 मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झालेलं. ना-नफा संस्था आहे. प्रत्येक सहलीला दमछाक किती होईल याची श्रेणी दिलेली असते, ती आधी वाच. आणि सगळं इंग्रजीत, अमेरिकन उच्चारात असतं. माझे सासरे अशाच एका सहलीला गेले होते. बाकीचे हसले की मग हे हसायचे. तरी खूश होऊन परतले.

विलायती_वाटसरू:
इरी कशाला? वेल्समधला पाँटकिसिल्ट जलसेतू दाखव! टेलफर्ड आणि जेसप यांचा, 1805 चा. 307 मीटर लांब, 38 मीटर उंच, लोखंडी पन्हळीतून बोट जाते आणि एका बाजूला कठडाच नाही. खाली थेट डी नदी.

जर्सीकर:
अहो, ते न्यू जर्सीला येतायत. ब्रिटनचा व्हिसा कोण काढणार?

रा_रा_उपदेशे:
शैक्षणिक कार्यक्रम म्हणजे स्टुडंट व्हिसा लागेल. विमानतळावरूनच परत पाठवतील. जपून.

पाटकरीण:
उगाच घाबरवू नका हो. बी-2 वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर, थोड्या दिवसांचा, हौसेखातर केलेला, क्रेडिट न मिळणारा अभ्यासक्रम चालतो. जर्सीकर, तू विमा बघ. पर्यटकांच्या विम्यात जुन्या दुखण्यांना बऱ्याचदा तुटपुंजं संरक्षण असतं. बीपी-शुगर काही?

जर्सीकर:
बीपी दोघांना आहे. बाबांचा एक गुडघा बदललाय. पण चालतात छान.

नाथसागर:
याला ठणठणीत म्हणतात होय! महिना सांगा.

उपअभियंता:
मूळ विषय राहिला बाजूला. मी तुमच्या बाबांच्याच खात्यातला. आपला कालवा म्हणजे उताराने धावणारं पाणी, चारीपर्यंत पोचलं की जिंकलो. इरीचं गणित उलटं. पाणी जवळपास उभं, आणि बोटच लॉकमधून, म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेल्या हौदात पाणी भरून-सोडून, पायरी-पायरी चढते. 1825 मध्ये पुरा झाला तेव्हा ऑल्बनी ते बफेलो 363 मैल, 83 लॉक आणि पाण्याची खोली जेमतेम 4 फूट. कालव्यामागे लागलेल्या न्यू यॉर्कच्या गव्हर्नर डविट क्लिंटनची लोकांनी 'क्लिंटनचा चर' म्हणून टर उडवली होती. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे प्रमुख अभियंते मुळात जमीन मोजणारे, न्यायाधीशही होते, असलं काम दोघांनी कधी केलेलं नव्हतं. पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट कॅनव्हास व्हाइटने तिथल्याच चुनखडीतून काढलं. बाबांना विचारा, आपल्या खात्यात हे इस्टिमेट मंजूर झालं असतं का!

कालव्यावरचं लॉकपोर्ट गाव वगळणारी सहल घेऊ नका. एकोणिसाव्या शतकातल्या पाच लॉकची उतरंड आणि तिला लागूनच आजचे 34 आणि 35 नंबरचे लॉक, एका नजरेत दिसतात. मेदिनाजवळ तर गाडीरस्ता कालव्याच्या खालून जातो.

खरं म्हणजे आधी त्यांना रुरकीला न्यायला हवं होतं. 1854 चा गंगा कालवा सोलानी नदीच्या डोक्यावरून नेलाय. आपल्या लोकांना घरचं दिसत नाही.

हडपसरची_मैना:
मुठा उजवा कालवा बघा की. फुकट. नाक धरून.

विलायती_वाटसरू:
कठड्याशिवायचा जलसेतू आहे का तुमच्या इरीवर? नाही ना? मग झालं.

नाथसागर:
जर्सीकर, महिना!!

जर्सीकर:
नोव्हेंबर. दिवाळी करून निघतील. का, काय फरक पडतो?

पाटकरीण:
अरे देवा. तिथे बोटींचा हंगाम साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मग लॉक बंद, पश्चिमेकडच्या भागातलं पाणीही उतरवतात. म्हणून तुला गूगलवर काही सापडत नव्हतं!

उपअभियंता:
उलट उत्तम. रिकाम्या कालव्यात तळ, दरवाजे, गळती, सगळं उघडं दिसतं.

नाथसागर:
बफेलोची थंडी, बदललेला गुडघा, त्यात रिकामा कालवा. आईंना विचारलंय का कुणी?

जर्सीकर:
आत्ताच विचारलं. आई म्हणाली, बोट असेल तर येते, चर बघायला येणार नाही. तिकिटं पुढे ढकलून मेअखेरीस बोलावतो. तेव्हाच्या सहलीची जागा धरून ठेवतोय, रद्द करायची मुदतही वाचली. बाबांचा प्रश्न: लॉकचे दरवाजे हाताने फिरवतात की मोटरवर?

उपअभियंता:
1918 मध्ये जुन्या इरीच्या जागी नवा, मोठा कालवा झाला, तेव्हापासून विजेवर. पण लॉकपोर्टच्या जुन्या लॉकना लाकडी दरवाजे पुन्हा बसवलेत, ते हाताने ढकलून दाखवतात. गुडघा सांभाळा, ते ढकलायला जातील.

रा_रा_उपदेशे:
पनामाच्या क्रूझवर जैन जेवण मिळतं का? इथेच विचारू की वेगळा धागा काढू?