मदत हवी आहे: पणजोबांचे पलटणीतले कागद कुठे मिळतील? (११७ मराठा, पहिलं महायुद्ध)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तर चूकभूल माफ.

आम्ही खेडचे (रत्नागिरीवालं खेड, पुण्याचं नाही). पणजोबांबद्दल घरात एवढंच माहीत की "म्हातारा बसऱ्याला लढाईवर गेलेला". गणपतीत माळ्यावरची ट्रंक उघडली तर त्यात तलवारी आणि मुकुट असलेला एक तारा, त्यावर १९१४-१५, दुसरं पंखवाल्या बाईचं गोल मेडल आणि एक मोडीतलं कार्ड. तिसरं चांदीचं पण होतं म्हणे, ते मोडून कुणाची तरी जोडवी झाली 🤦 ताऱ्याच्या मागे नंबर, नाव आणि ११७ मराठाज असं ठोकलंय, पण आत्या दरवर्षी दसऱ्याला पूजेत ठेवण्याआधी ते चिंचेने घासायची त्यामुळे नंबरातला तिसरा आकडा ३ आहे की ८ तेच कळत नाही.

अजून एक, घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही पण म्हातारा चिडला की म्हणायचा "घोडा खाल्लाय मी, मला काय सांगता". आम्हाला वाटायचं थापा मारतोय.

एका ऑफिसात अर्ज दिला होता, चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर, रेकॉर्ड सापडत नाही. आता नेमका कुठला कागद मागायचा आणि कुणाकडे?

प्रतिसाद १
घोड्याची थाप नाहीये हो! इराकातल्या कुत-अल-अमाराचा वेढा वाचा, तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला घातलेला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले, आपल्या शिपायांनी धर्मामुळे बरेच दिवस हात लावला नाही, शेवटी शेवटी खाल्लं. तुमचा तारा पण जुळतो, १९१५ संपायच्या आत लढाईच्या मुलखात पोचलेल्यांनाच तो मिळायचा. शरण गेल्यावर कितीतरी हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं, तेव्हा रेडक्रॉसने ऑनलाइन ठेवलेली कैद्यांची कार्ड्स पण चाळा, नावाची दहा स्पेलिंग्ज करून.

सर्व्हिसच्या कागदांचं मात्र कठीण आहे, त्या काळच्या साध्या शिपायांच्या फायली बहुतेक उरलेल्याच नाहीत. दुसऱ्या महायुद्धातला माणूस असता तर रेकॉर्ड ऑफिसातून शीट रोल (शिपायाच्या नोकरीचा नोंदपट) निघायचा चान्स होता. तरी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला लिहा आणि पलटणीचे दोन्ही नंबर द्या, कारण १९२२ ला ११७ ची ५/५ (म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ५वी बटालियन) झाली, नुसतं ११७ लिहिलं तर क्लार्क कुठे शोधणार? पलटणींच्या वॉर डायऱ्या (रोजच्या नोंदी) लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, डब्ल्यूओ ९५ या फायलींच्या मालिकेत, पण त्यात नावं साहेबांचीच, शिपाई म्हणजे नुसता आकडा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या बघता येतं. आणि चांदीचं मेडल गेलं म्हणून रडू नका, दुसऱ्या गोल मेडलच्या कडेवर पण नंबर असतो, ते बघितलंत का??

प्रतिसाद २
मोडीचा फोटो टाका, दोन्ही बाजू. बहुधा अर्धं कार्ड "इकडील सर्व खुशाल" मध्येच गेलं असेल पण तारीख आणि सेन्सॉरचा शिक्का बघायचाय. आणि प्लीज लॅमिनेट करू नका!

धागाकर्ता
कडेवर आहे हो!! टाल्कम पावडर भरून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला, स्वच्छ ३ दिसतोय. कार्डाचा फोटो रात्री टाकतो. आत्याला फोन करून सांगितलं तर म्हणते, बरं, यंदा घासत नाही, नुसतं हळदकुंकू वाहीन.