‘नाही’ असेल तर ‘नाही’ तरी कळवावं

मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या, कंपनीवाले ‘कळवतो’ म्हणाले, पाच आठवडे उलटले. आता फोन करावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा, त्यात लाचारी काही नाही.

पुण्यात मी बरीच वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसलोय. उत्तर न येण्यामागे बऱ्याचदा उमेदवाराचा दोष नसतोच. पहिल्या पसंतीच्या माणसाला ऑफर जाते, त्याचा नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचा काळ, ९० दिवसांचा. तो खरंच रुजू होईल याचा भरवसा नसतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याला ‘नाही’ न सांगता ताटकळत ठेवतात. कधी जागाच गोठवली जाते आणि ते बाहेर सांगायची एचआरला मुभा नसते. कारणं समजतात, पण हे वागणं मला आजही पटत नाही. माझी भाची अशाच एका मुलाखतीनंतर महिनाभर जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची, अनोळखी नंबर दिसला की घास हातातच राहायचा. दोन ओळींच्या मेलनं तिची सुटका झाली असती.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवावंच लागतं. आपल्याकडे खासगी नोकरीत असं बंधन नाही, ते यायला हवं.

फोनवर किंवा मेलमध्ये फक्त ‘जागा अजून खुली आहे का?’ एवढंच विचारा, त्याचं उत्तर देणं त्यांनाही सोपं जातं. तोवर बाकीचे अर्ज थांबवू नका.