टॅपेट सेटिंग: लॉकनट आवळला की गॅप कमी होतो, मदत हवी आहे

सिंगल सिलिंडर, स्क्रू-लॉकनटवाले रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे; स्क्रूने व्हॉल्व्हपर्यंतचा गॅप ठरतो, लॉकनट स्क्रू जागी पकडतो). इंजिन पूर्ण थंड, प्लग काढलेला, 'टी' खूण जुळवली. दोन्ही रॉकर सैल, म्हणजे कॉम्प्रेशनचाच टीडीसी (पिस्टन सर्वांत वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद). मॅन्युअलप्रमाणे इनटेक ०.०८, एक्झॉस्ट ०.१२ मिमी.

इनटेक बसला. एक्झॉस्टला ०.१२ ची फीलर गेज पट्टी (गॅप मोजायची) किंचित अडखळत सरकते, पण लॉकनट आवळल्यावर ०.१० सुद्धा जात नाही. असं सोडवत नाही: एक्झॉस्ट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, उष्णता अडकते आणि तो जळतो.

आट्यांतल्या ढिलाईने गॅप उलट वाढायला हवा. मग चौकोनी टोक चावीने धरूनही स्क्रू नटाबरोबर फिरत असेल का? शिवाय स्क्रूच्या तळाला खळगा पडलाय. तिथे सपाट पट्टी खऱ्यापेक्षा कमी माप दाखवते. स्क्रू-नट दोन्ही बदलू, की नुसता नट पुरेल?