शासकीय मेकॅनिकल, खासगी कॉम्प्युटर की अभिमत विद्यापीठ? खर्चाचे गणित सुटत नाहीये

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुलाला इंजिनीअरिंगच्या सीईटीत 93 पर्सेंटाइल, खुला प्रवर्ग, घरचे उत्पन्न साडेसहा लाख. पर्याय तीन:
शासकीय कॉलेजात मेकॅनिकल, वसतिगृह धरून वर्षाला 95 हजार.
पुण्यात खासगी स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर, फी 1 लाख 80 हजार (त्यात 15 हजार विकास शुल्क), राहणे-खाणे 1 लाख 20 हजार.
अभिमत विद्यापीठात कॉम्प्युटर, सगळे मिळून वर्षाला 6 लाख.
नाव तिसऱ्याचे मोठे. हाताशी 10 लाख आहेत, उरलेले कर्ज काढू. काढावे का?

हिशेबनीस
दुसऱ्या पर्यायाची फी तुम्ही पूर्ण धरलीत. कॅप फेरीतून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश झाला आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून (आपली ईबीसी) निम्मे शिक्षण शुल्क मिळते. 1,65,000 चे निम्मे 82,500, वर विकास शुल्क 15,000, म्हणजे 97,500. राहणे-खाणे मिळवून वर्षाला 2,17,500, चार वर्षांचे 8 लाख 70 हजार. कर्जाची गरजच पडत नाही. (मुलगी असती तर 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ.)
व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही. तिथे 24 लाख लागतील, म्हणजे 14 लाख कर्ज. दरवर्षी साडेतीन लाख उचलले आणि व्याज 10 टक्के धरले, तर शिक्षण आणि हप्ते सुरू होण्याआधीचे सवलतीचे वर्ष संपेपर्यंत 4 लाख 90 हजार सरळव्याज चढते. 18 लाख 90 हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण 25 हजार. नोकरीत वर्षाला सहा लाखांचे पॅकेज मिळाले तरी त्यामध्ये कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी बोनसही धरलेला असतो. हातात पडणाऱ्या पगारातून हा हप्ता काढून पाहा.

मापात_राहा
नाव मोठे म्हणजे काय, ते कागदावर बघा. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला) दिलेली माहिती असते. त्यात चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात किती जणांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हे ओळीने दिलेले असते. फ्लेक्सवरचे 44 लाखांचे पॅकेज एकाचे असते, मध्यक पगार मधल्या पोराचा असतो. नोकरी लागलेल्यांना पास झालेल्यांनी नव्हे, प्रवेश घेतलेल्यांनी भागा. चित्र लगेच बदलते.
दोन खाचखळगे. हा तक्ता सगळ्या शाखांचा एकत्र असतो, म्हणून कॉम्प्युटरची वेगळी यादी प्लेसमेंट ऑफिसकडून मागा. आणि हे आकडे चार-पाच वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या बॅचचे असतात. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने) 2024-25 पासून जागांवरची कमाल मर्यादा काढल्यावर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. 180 जणांच्या बॅचची टक्केवारी 480 जणांच्या बॅचला लावू नका. दर्जाच्या मानांकनांत नॅक सबंध संस्थेचे असते, एनबीए शाखेचे. आपल्या शाखेचे एनबीए कधीपर्यंत आहे, ते तपासा.

लेथ_आणि_लोखंड
शासकीय मेकॅनिकलला इतक्या पटकन बाद करू नका. गेट परीक्षेतून पीएसयूत (सरकारी कंपनीत) नोकरी किंवा एमटेक करायचे असेल तर तिथे स्कोअर बघतात, कॉलेजचे नाव नाही. चार वर्षांचे 3 लाख 80 हजार, म्हणजे एमटेकला पैसे हातात राहतात. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय यांसारख्या जुन्या सरकारी ठिकाणी नावाला खरेच वजन आहे, पण तिथली फी अभिमत विद्यापीठाइतकी नसतेच. मुलाला मशीनची आवड नसेल तर मात्र केवळ स्वस्त म्हणून तिकडे ढकलू नका. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि थर्मोला (थर्मोडायनॅमिक्सला) अडकला की वर्ष जाते, आणि वाया गेलेल्या वर्षाचा खर्च फीपेक्षा जास्त.

कृष्णाकाठ
तिसरा पर्याय खोडला. ईबीसीत काय अडते? आणि फॉर्मात क्रम कसा लावू?

हिशेबनीस
तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल (अधिवास दाखला) आताच काढा. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मुलाच्या बँक खात्याला आधार जोडलेले नसेल तर शिष्यवृत्तीचा हप्ता अडकतो. ही सवलत एका कुटुंबात दोनच मुलांना. प्रवेशावेळी कॉलेज निम्मी फी घेते की पूर्ण, ते आधी विचारून ठेवा.
त्याच कॉलेजची टीएफडब्ल्यूएसची (शिक्षण शुल्क माफी योजनेची) जागा असेल तर तिचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी. त्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ, पण कटऑफ बहुधा चढा. तो कोड साध्या कोडच्या वर टाका, खाली टाकलात तर उपयोग नाही. 2025 च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणून ‘बघू तर खरे’ म्हणून कुठलाही कोड वर ठेवू नका. यंदाची माहितीपुस्तिका आली की हा नियम ताडून घ्या.